घोड्यांचे गवत आणि कुणब्याची भाकर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढायांची सनावळी असते, सेनापतींची नावे असतात, तहांची कलमे असतात. सैन्य निघाले, सैन्य पोहोचले, सैन्याने वेढा घातला, असे आपण वाचतो. पण या निघण्यापोहोचण्याच्या मधल्या काळात ते सैन्य काय जेवले, घोड्यांपुढे वैरण कोणी टाकली आणि ती कोणाच्या शेतातून आली, हे विचारण्याची पद्धत नाही. धर्मग्रामातील तरुण मुले मात्र असे प्रश्न विचारतात. पावसात लढाया होत नव्हत्या, मग चार महिने सैनिक करीत काय? त्यांना पगार मिळे का? मिळे तर तो ते कोठे खर्च करीत? मोठी माणसे अशा प्रश्नांकडे गंमत म्हणून पाहतात आणि पुन्हा तलवारींच्या वर्णनाकडे वळतात. आमचे मत निराळे आहे. युद्धाचे नीतिशास्त्र रणांगणावर जितके कसोटीला लागते, त्याहून अधिक ते धान्याच्या कोठारात लागते, असे आम्हांस वाटते. आणि त्याचा दाखला दूर शोधावा लागत नाही, तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच आहे.

पावसाळ्याची बेगमी म्हणजे काय, हे कोकणातल्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही. मे महिना सरत आला की लाकूडफाटा आडोशाला जातो, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, तांदूळ, मीठ, कोकमे यांची मोजदाद होते. चिपळूणच्या परिसरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महामार्ग, आगगाडी आणि वीज असतानाही जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि भरलेल्या दुकानांचा चिखल झाला. मग साडेतीनशे वर्षांपूर्वी, घाट बंद झाल्यावर आणि खाड्या खवळल्यावर, या मुलखात उतरलेल्या घोडदळाची अवस्था काय होत असेल याची कल्पना करता येईल. ‘छावणी’ या शब्दाचा जुना अर्थच मुळी सैन्याचा पावसाळी मुक्काम असा आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि मृगापूर्वी छावणीत परतावयाचे, हे त्या काळच्या युद्धाचे पंचांग होते.

१६७४ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांच्या सैन्याचा तळ चिपळूणला पडला होता. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक व्हावयाचा होता. त्याला महिनाही उरला नसताना, मे महिन्यात, महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटणे येथील छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एक पत्र धाडले. राज्याभिषेकाची तयारी चालू असलेल्या राजाचे पत्र म्हणून कोणी ते उघडील तर त्याला आश्चर्य वाटेल, कारण त्यात ना विजयाचा उल्लेख आहे, ना सिंहासनाचा. त्यात गवत आहे, दाणा आहे, भाजी आहे, चुली आहेत, आणि शेवटी एक उंदीर आहे.

पत्राचा आशय असा. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी जो साठा केला होता, तो सैन्याच्या मुक्कामामुळे बराचसा खर्चून गेला आहे. शिवाय वैशाखाचे वीस दिवस पागेला जास्तीचे बसून काढावे लागले. तरीही गडागडांवरून असेल ते धान्य देववून कशीबशी बेगमी केली आहे. आता तुम्ही मनाला येईल तसा दाणा आणि गवत मागाल, असेल तोवर उधळाल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग माणसे गावांत शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जे शेतकरी कसाबसा जीव धरून घरी राहिले आहेत, तेही मग परागंदा होतील, कित्येक उपाशी मरतील, आणि लोकांना वाटेल की मोगल परवडले, पण हे नकोत. तुमची वाटणी खजिन्यातून तुमच्या पदरी घातली आहे. जे पाहिजे ते बाजारात जाऊन विकत आणा. कोणावर जुलूम करण्याची गरज नाही.

‘गरज नाही’ या शब्दांपाशी आम्ही प्रत्येक वेळी थांबतो. पाप करू नका, असे हे पत्र म्हणत नाही. पाप करण्याची वेळच येऊ नये अशी तजवीज केली आहे, असे ते म्हणते.

या तजविजीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लहान चणीच्या दख्खनी घोड्याला चारा आणि दाणा मिळून दिवसाला सात किलो तरी लागतात. नुसती हजार घोडी धरली आणि पावसाळ्याचे एकशेवीस दिवस धरले, तरी ८,४०० क्विंटल होतात. सैनिकांचे जेवण, नोकरचाकर, ओझ्याचे बैल यांची यात गणती नाही. भातशेतीच्या या चिंचोळ्या पट्ट्यात, जेथे शेतकऱ्याचे स्वतःचे धान्य आषाढ-श्रावणात तळाला जाते, तेथे एवढा बोजा टाकल्यावर तो कोणाच्या तरी पोटातूनच निघणार. आज दुधासाठी आपण वापरतो तो ‘रतीब’ हा शब्द त्या पत्रात घोड्याच्या नेमून दिलेल्या दाण्यासाठी आला आहे. कारकून मोजून देतील तेवढाच रतीब घ्यावा, म्हणजे उपास न पडता रोजच्या रोज खावयास मिळेल आणि घोडीही हळूहळू सशक्त होतील, असे तेथे बजावले आहे. राज्याचा धर्म मापाच्या भांड्यातून कसा मोजला जातो, याचे याहून चांगले चित्र आम्हांस ठाऊक नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे पत्र दयेपोटी लिहिले की हिशेबापोटी? घोडी मरतील, रयत पळेल, सारा बुडेल, बदनामी होईल, ही सर्व कारणे व्यवहाराची आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार लहान मुलालाही वाजवी भावाने माल देतो, पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून. कांटच्या मते ही कृती कर्तव्याला धरून आहे. मात्र कर्तव्यबुद्धीने केलेली नसल्यामुळे तिला नैतिक मोल नाही. तो न्याय लावला तर चिपळूणचे पत्र एका चतुर राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीचा नमुना ठरेल, याहून अधिक काही नाही.

सेमिनरीत आम्हांला जे शिकविले गेले, ते या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला चार मूलभूत सद्‌गुणांत पहिले स्थान दिले आहे. विवेक म्हणजे धूर्तपणा नव्हे. चांगले हेतू प्रत्यक्षात कसे उतरतील हे अगोदर पाहण्याची शक्ती म्हणजे विवेक. इतकेच नव्हे, तर त्यांनी आपल्या महाग्रंथात विवेकाच्या प्रकारांमध्ये लष्करी विवेक असा एक स्वतंत्र प्रकार मोजला आहे. एखाद्या सरदाराचे अंतःकरण कितीही कोमळ असले आणि त्याने आषाढातल्या गवताचा विचार ज्येष्ठात केला नसला, तर श्रावणात त्याचे सैनिक शेतकऱ्याच्या घरात शिरणारच, आणि त्या वेळी त्याच्या कोमळ अंतःकरणाचा उपयोग फक्त पश्चात्तापासाठी होईल. उपाशी माणसाला आज्ञा ऐकू येत नाही. आमच्या मते कांटने दुकानदाराचे मन तपासले ते ठीक, पण छावणीच्या बाबतीत मन तपासण्याआधी कोठार तपासले पाहिजे.

शुभवर्तमानातही याच जागेवर बोट ठेवलेले आहे. संत लूक यांच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन आम्ही काय करावे असे विचारतात. कोणाला धाक घालून लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे तो त्यांना सांगतो. शस्त्रे टाका, असे त्याने सांगितले नाही, याकडे संत आगुस्तीन यांनी लक्ष वेधले आणि त्यावर पुढे शतकानुशतके चर्चा झाली. आम्हांला मात्र त्या उत्तरातील ‘पगार’ हा शब्द अधिक बोलका वाटतो. पगारात समाधान मानण्यासाठी पगार वेळेवर हातात पडावा लागतो. तो ज्याने द्यावयाचा, त्याच्या हिशेबाची वही उपदेशाच्या आधी उघडावी लागते.

याच जिल्ह्यात, आजच्या लांजे तालुक्यातील प्रभानवल्ली हे तेव्हा एका मामल्याचे ठाणे होते. तेथील सुभेदार रामाजी अनंत याला सप्टेंबर १६७६ मध्ये महाराजांनी लिहिले की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याला माणूसबळ आहे पण बैल, नांगर, पोटाला दाणे नाहीत त्याला बैलांसाठी रोख पैसा दे, खावयास खंडी-दोन खंडी धान्य दे, आणि ते मुद्दलच, व्याज न लावता, त्याला शक्ती येईल तसे हळूहळू परत घे. या कामासाठी दोन लाख लाऱ्यांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. इराणच्या आखातापासून कोकणच्या बंदरांपर्यंत हे नाणे चालत असे. चिपळूणच्या पत्रात रयतेला त्रास देऊ नका एवढेच होते. येथे राज्य स्वतःहून पुढे येऊन बैल देत आहे. व्यवहार आणि धर्म यांच्यात रेघ ओढणाऱ्यांनी ही दोन पत्रे शेजारी ठेवून पाहावीत.

आता अवघड भागाकडे वळले पाहिजे. खजिन्यातून वाटणी मिळत असेल, तर खजिन्यात ती कोठून येत होती?

सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. तिच्यात लष्कराचा नियम स्पष्ट सांगितला आहे. चार महिने छावणीत राहावे, आणि उरलेले आठ महिने परमुलुखात पोट भरावे, खंडण्या घ्याव्यात. स्त्रिया व मुले पकडू नयेत, गाय धरू नये, अशी बंधनेही तेथे आहेत, आणि त्या काळाच्या मानाने ती मोठी आहेत. तरीही पोट परमुलुखातच भरावयाचे होते. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत लुटली गेली. पहिल्या लुटीच्या वेळी कपुचिन धर्मगुरू फादर ॲम्ब्रोज यांच्या घराला धक्का लावला नाही, आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या एका दिवंगत दलालाचे घरही वगळले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नोंदविले आहे. आपल्या लोकांना ही हकिकत सांगावयास आवडते, आणि आवडावी. पण त्याच रस्त्यावरच्या इतर घरांचे काय झाले, हेही त्याच हकिकतीत आहे. चिपळूणच्या कुणब्याची भाकर वाचली, तिची किंमत काही अंशी सुरतेच्या सावकाराने भरली.

सावकार निरपराध नव्हता, तो शत्रूच्या तिजोरीचा आधार होता, असे उत्तर दिले जाते. कधी कधी ते खरेही असते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीतील माणसे दारूगोळा घेऊन तेथे गेली आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि वखारवाल्यांना कैद केले. त्यांतील काही १६६३ मध्ये सुटले. व्यापारी म्हणून मिळणारे अभय त्या माणसांनी स्वतःच्या हाताने टाकले होते, यात आम्हांस शंका नाही. मात्र वखारीच्या शेजारचा वाणी काही पन्हाळ्याला गेला नव्हता. सालामांका येथील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे वितोरिया यांनी १५३९ मध्ये युद्धाच्या न्यायावर व्याख्याने दिली, त्यांत नेमका हाच प्रश्न घेतला आहे. शेतकऱ्यांना आणि इतर निरपराध लोकांना न लुबाडता युद्ध चालविता येत असेल, तर त्यांना लुबाडू नये, असे त्यांनी म्हटले. त्या वाक्यातल्या ‘तर’मध्ये केवढी मोठी खिंड आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल. तिच्यातून अख्खी सैन्ये गेली आहेत.

आपल्या धर्मबांधवांची सैन्येही तीतूनच गेली. दुसऱ्यांच्या इतिहासाकडे बोट दाखविताना हे विसरणे बरे नव्हे. शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या १६३० मध्ये जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धाचे बारावे वर्ष चालू होते. कॅथलिक सम्राटाचा सेनापती वालेनस्टाइन याने मुलखाकडून सक्तीची वर्गणी घेऊन सैन्य पोसण्याची पद्धत शास्त्रासारखी बसविली, आणि प्रॉटेस्टंट सैन्यांनी ती विनासंकोच उचलली. १६३१ मध्ये कॅथलिक सैन्याने माग्देबुर्ग शहर घेतले, तेव्हा सुमारे वीस हजार माणसे मेली. ख्रिस्तसभेला हे पाप ठाऊक नव्हते असेही नाही. इ. स. ९८९ मध्येच फ्रान्समधील शारू येथे जमलेल्या महागुरूंनी गरिबाची गाय, बैल, गाढव, शेळी, डुक्कर लुटणाऱ्यांना शाप उच्चारून बहिष्कृत केले होते. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने शेतावर जाणाऱ्यायेणाऱ्या शेतकऱ्याला आणि बियाणे वाहून नेणाऱ्या जनावरालाही अभय दिले. नियम होता, दंड होता, धर्माचा अधिकार होता. कमी होती ती वेळेवर भरलेल्या कोठाराची आणि न थकलेल्या पगाराची.

महाराजांच्या नंतर आपल्याकडेही हेच घडले. त्यांच्या घोडदळात ‘बारगीर’ म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. बारगीर खजिन्याचे अन्न खाई, म्हणून तो शिस्तीत राही. पुढे जहागिरी आणि सरंजाम आले, सैन्याचा खर्च ज्याने त्याने आपापल्या मुलखातून किंवा परमुलुखातून काढावयाचा ठरला. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. तेथील कवी गंगाराम याने १७५१ मध्ये आपल्या काव्यात गावे सोडून पळणाऱ्या माणसांचे वर्णन केले, आणि बंगाली आया अजूनही ज्या अंगाईने मुले निजवितात तिच्यात ‘बर्गी’ आल्याची भीती घातलेली आहे. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. चिपळूणला भाजीपाला विकत घेण्याची ज्याला आज्ञा होती, त्याचेच नाव तीन पिढ्यांत हजार मैलांवर लुटारूचे नाव झाले. मराठी माणूस म्हणून आम्हांला हे लिहिताना सुख होत नाही, पण शब्दाने जपून ठेवलेली साक्ष पुसता येत नाही. दरम्यान औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेने आपल्या मुलखाचे काय केले, ते मनुचीने लिहिले आहे: १७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि रोगराईत वीस लाखांहून अधिक माणसे गेली, आणि शेतांत झाडे व पिके उरली नाहीत.

झाडांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. जुन्या करारातील अनुवादाच्या विसाव्या अध्यायात वेढा घालणाऱ्या सैन्याला फळझाडे तोडण्याची मनाई आहे. झाड म्हणजे काही तुमच्याशी लढणारा माणूस नव्हे, असे कारण तेथे दिले आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र आरमाराच्या लाकडाविषयी बोलताना आंबा आणि फणस यांना हात लावू नये असे सांगते. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे. हापूसच्या बागा राखणाऱ्यांना यातले दुःख समजावून देण्याची गरज नाही.

परमुलुखाची रेघ कोठे ओढावयाची, हाच या साऱ्याच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. कधी कधी आपल्याच मुलखाला परमुलुख मानले जाते. १९४२ मध्ये जपानी सैन्य येईल या भीतीने ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरील तांदूळ उचलला आणि हजारो होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या, म्हणजे शत्रूच्या हाती काही लागू नये. होडीवाचून कोळी आणि खाडीपलीकडे शेत असलेला कुळंबी यांचे काय होते, हे जयगड-हर्णैच्या माणसाला विचारावे. १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. कारणे अनेक होती, त्यांतले हे एक. पण ज्या दिवशी होड्यांची यादी झाली, त्या दिवशी त्या घरांच्या पोटाची यादी कोणी केली नाही. दुसऱ्या वाटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरे आणि प्रदेश सरसकट उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धकृत्याचा धिक्कार केला. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या कलमांत नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास बंदी आली. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तीच गोष्ट पुन्हा ठरावाने सांगितली, सांगावी लागली.

चिपळूणच्या पत्राचा शेवटचा भाग आगीविषयी आहे, आणि तो पुष्कळदा वाचताना गाळला जातो. गवत पडलेले आहे, वारा सुटला आहे, हे मनात न आणता कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणाला आग लागली की सारे खण जातील, आणि गवताच्या गंजीही जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद दिली, तरी पावसात नवा खण उभारावयास एक लाकूडसुद्धा मिळणार नाही. म्हणून सर्वांनी हिंडून फिरून पाहावे, आणि रात्री निजण्यापूर्वी दिवे विझवावेत, असे त्या राजाने, राज्याभिषेकाच्या तोंडावर, आपल्या हवालदारांना कळविले.